शिक्षणशास्त्राची पदवी आणि आपली मुले




दरवर्षी या पानावर मंडळाच्या वर्षभरातील कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. यंदा तो चिटणीसांच्या अहवालात सविस्तर आला असल्यामुळे त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. ही जागा आम्ही एका निराळ्या प्रश्नासाठी वापरू इच्छितो. प्रश्न आपल्या घरांतला आहे, दिवाणखान्यात दबक्या आवाजात बोलला जाणारा आहे, आणि म्हणूनच तो एकदा छापील अक्षरांत यावा असे आम्हांस वाटते.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपल्या सभासद-कुटुंबांतील गुणवंत मुलामुलींची यादी दिली जाते. वैद्यक, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, अलीकडे वित्त आणि कायदा. ही यादी वाचताना छाती भरून येते, आणि आम्ही स्वतः वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे पांढऱ्या कोटाचे आकर्षण आम्हांस ठाऊक नाही असे नाही. तथापि या यादीत शिक्षणशास्त्र या विषयात एम.ए., एम.एड., एड.डी. अथवा पीएच.डी. करणारे नाव शोधावे लागते. यंदा तर असे घडले की, एका घरातून असे नाव आमच्याकडे पाठविलेच गेले नाही. ते आम्हांस दुसरीकडून कळले. चौकशी केली तेव्हा मुलीच्या आईने जे उत्तर दिले ते आम्ही नाव न देता येथे नमूद करतो. त्या म्हणाल्या, “शेवटी मास्तरीणच व्हायचं होतं, तर डॉक्टरसाहेब, एवढ्या लांब येऊन आम्ही काय मिळवलं?”

मुलगी जीवशास्त्राची पदवीधर. दोन वर्षे एका मोठ्या शहरातील सरकारी शाळेत तिने शिकविले, आणि आता तिला शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. तिचे म्हणणे सरळ होते. “काका, पाचवीतली मुलं वाचू शकत नाहीत आणि ती का वाचू शकत नाहीत हे शाळेत कुणालाच नीट सांगता येत नाही. मला ते शिकायचं आहे.” आईचे म्हणणेही आम्ही हसण्यावारी नेले नाही. परदेशात घर उभे करताना पोटाला जे चिमटे घ्यावे लागतात ते त्या माऊलीने घेतलेले आहेत. शिक्षकाचा पगार डॉक्टर-इंजिनिअरच्या पगारापेक्षा कमी असतो ही गोष्ट खरी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. परंतु याच माऊलीचे वडील मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या पहिल्या शिकलेल्या पिढीकडे पाहा. गिरण्या, रेल्वे, पोस्ट आणि लष्कर यांच्या जोडीने ज्या नोकरीने खेड्यापाड्यांतील आपली घरे उभी राहिली ती नोकरी प्राथमिक शिक्षकाची. सातवीची फायनल उत्तीर्ण व्हायचे आणि ट्रेनिंगला जायचे. पुढच्या काळात डी.एड. करायचे आणि कोसभर लांबच्या शाळेत रुजू व्हायचे. त्या पगारातून धाकट्या भावांच्या खानावळीचे पैसे गेले, बहिणींची लग्ने झाली, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांची मेडिकल व इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तके आली. वस्तीतले पत्र वाचून दाखविणारा, तहसील कचेरीचा अर्ज लिहून देणारा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची परवानगी काढण्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस हाच. स्वतः बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतलेले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ होते. ज्या शिडीने आपण वर आलो तिची पहिली पायरी शिक्षकाच्या प्रशिक्षणाची होती. त्या पायरीकडे आपण आता वरून पाहतो आहोत, आणि ती आपल्याला फार लहान दिसू लागली आहे.

हा तुच्छतेचा दोष केवळ आपला नव्हे. न्यूयॉर्कला जाणारे आपले प्रत्येक कुटुंब कोलंबिया विद्यापीठात जाऊन ग्रंथालयातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासमोर छायाचित्र काढून येते. त्या पुतळ्यापासून पायी काही मिनिटांवर, १२० व्या रस्त्याच्या पलीकडे, टीचर्स कॉलेज ही १८८७ साली स्थापन झालेली संस्था आहे. अध्यापनाचा शास्त्र म्हणून अभ्यास करणाऱ्या या देशातील अग्रगण्य संस्थांपैकी ती एक. पण कोलंबियातील जुने लोक थट्टेने म्हणत की, जगातला सर्वांत रुंद रस्ता म्हणजे हा १२० वा रस्ता! अलीकडे तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान; पलीकडे ‘मास्तर घडविणारे’. अंतर काही पावलांचे, पण ओलांडायला कोणी तयार नाही. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला कमीपणा विद्वानांच्या अंगणातही होताच.

हा रस्ता नित्य ओलांडणारा एक माणूस तेथे होता, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. प्राध्यापक जॉन ड्यूई. १८९६ साली त्यांनी शिकागोत एक प्रयोगशाळा म्हणावी अशी शाळा काढली, १९०४ साली ते कोलंबियात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले, आणि टीचर्स कॉलेजातही व्याख्याने देऊ लागले. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. शिक्षणशास्त्राचे ते विद्यार्थी नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ड्यूई यांच्या वर्गात ते बसले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, आणि शाळा हे ती रीत अंगी बाणविण्याचे ठिकाण आहे, हा विचार मांडणारा ड्यूई यांचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ साली, म्हणजे बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिनिर्मूलनावरील आपल्या गाजलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात. एका वर्गात ऐकलेला विचार तीस वर्षांनी दुसऱ्या खंडात इमारतींच्या रूपाने उभा राहतो. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले, आणि चारच दिवसांनी, ५ जून रोजी, कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. गुरुशिष्यांची भेट थोडक्यात हुकली.

आता आम्ही ज्या माणसाची हकीकत आपल्यापुढे ठेवू इच्छितो त्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांनी ऐकले असेल. हा माणूस शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या देशाच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळा होत्या, वेगळी महाविद्यालयेही होती. पण पदव्युत्तर शिक्षणाची सोय त्यांच्यासाठी जवळजवळ नव्हतीच. गोऱ्यांच्या विद्यापीठात प्रवेश द्यायचा नाही म्हणून कित्येक राज्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला राज्याबाहेर शिकायला जाण्यासाठी पैसे देत. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट घटनेला धरून नाही असे ठरविले, तरी ती पुढे बरीच वर्षे चालू राहिली. याचा एक विलक्षण परिणाम झाला. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शिक्षक-शिक्षिका उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेने उत्तरेला जात आणि टीचर्स कॉलेजसारख्या संस्थांत उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवून एम.ए. पुरे करीत. वर्षभर फुटक्या फळ्याच्या शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत देशातील उत्तम प्राध्यापकांसमोर बसायचे!

ओक्लाहोमा राज्यातील जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय अध्यापकाने बाहेर जाण्याचे नाकारले. त्यांच्याजवळ एम.ए.ची पदवी होती. त्यांना आपल्याच राज्याच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट करावयाची होती. कायद्याने दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणे हा तेथे गुन्हा होता. न्यायालयाच्या आदेशावरून १९४८ साली त्यांना प्रवेश मिळाला, पण राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून अट घातली की, त्यांना वेगळे ठेवूनच शिकविले जावे. मग वर्गाला लागून असलेल्या एका बाजूच्या खोलीत त्यांची खुर्ची मांडण्यात आली. तेथून त्यांनी व्याख्यान ऐकावयाचे. ग्रंथालयात वरच्या मजलीवर एक टेबल नेमून दिले. वाचनकक्षातील टेबलांवर बसावयाचे नाही. भोजनगृहात वेगळे टेबल आणि जेवणाची वेळही वेगळी. पुढे त्यांना वर्गात घेतले तेव्हाही कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या रांगेत.

बंधुभगिनींनो, हे वाचताना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भीमा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहिल्याशिवाय राहील काय? आम्हांस तर ग्रंथालयातील ते वेगळे टेबल आणि शाळेतील ते वेगळे गोणपाट यांत काडीचाही फरक दिसत नाही. फरक एवढाच की, एक विद्यार्थी लहान मूल होता आणि दुसरा वर्षानुवर्षे इतरांना शिकविलेला प्रौढ अध्यापक.

एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या वकिलांनी हा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला. ५ जून १९५० रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. भारताची राज्यघटना अमलात येऊन आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. निकालपत्र मुख्य न्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी लिहिले, आणि त्यातील युक्तिवाद आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. न्यायालयाचे म्हणणे असे की, सहाध्यायांशी चर्चा करणे, मतांची देवाणघेवाण करणे हाच व्यवसाय शिकण्याचा भाग आहे. माणसाला वेगळे बसविले की त्याचे शिक्षणच अपुरे राहते. पण न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. हा विद्यार्थी शिक्षणशास्त्रातील उच्च पदवी घेतो आहे, म्हणजे तो पुढे इतरांना घडविणार आहे. त्याच्या हाताखाली जे शिकतील त्यांच्यावर त्याच्या शिक्षणाचा थेट परिणाम होणार आहे. म्हणून त्याचे शिक्षण अपुरे ठेवणे म्हणजे त्या सर्वांचे अपुरे ठेवणे होय, अशा आशयाचे विवेचन न्यायालयाने केले. चार वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सुप्रसिद्ध ब्राउन निकाल आला तेव्हा त्यात या निकालाचा आधार घेतलेला आहे.

एखाद्या शल्यविशारदाच्या अथवा अभियंत्याच्या पदवीविषयी न्यायालयाला असे म्हणता आले नसते. आम्ही रोगी बरा करतो. तो घरी जातो. आमचे काम संपते. मॅक्लॉरिन यांची पदवी पुढे कोठकोठे जाणार याचा हिशेब मात्र न्यायालयालाच मांडावा लागला.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्राउन निकालानंतर दोन प्रकारच्या शाळा एक करावयाच्या होत्या. बंद कोणत्या पडल्या? बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या. आणि त्यांतील शिक्षक? १९५४ नंतरच्या दशकात दक्षिणेकडील व सीमेवरील सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या असा अंदाज नेहमी दिला जातो. काही अभ्यासक तो याहून पुष्कळ अधिक मानतात. यांत सुट्टीमागून सुट्टी घालवून उत्तरेत एम.ए. झालेली माणसे कमी नव्हती. त्यांची पदवी त्यांना वाचवू शकली नाही. कारण कोणाला ठेवावयाचे आणि कोणाला काढावयाचे हे ठरविणाऱ्या सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीवर त्यांच्यापैकी कोणी नव्हते. ‘शिका’ या आदेशाशी ‘संघटित व्हा’ हा आदेश बाबासाहेबांनी का जोडला याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस महाराष्ट्रात जावे लागत नाही.

असो. आता ही पदवी आजच्या विद्यार्थ्याच्या वाटचालीत नेमके काय करते ते पाहू.

या देशात सरकारी शाळेत शिकविण्यासाठी राज्याचा परवाना लागतो आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. साधी पदवी आणि परवाना यांवर शिक्षक होता येते. मग पुढे शिकावयाचे कशाला? पहिले उत्तर पगाराचे. बहुतेक शाळा-विभागांत पगाराचे एक कोष्टक असते. उभ्या ओळीत नोकरीची वर्षे, आडव्या ओळीत शिक्षण. एम.ए. झाले की शिक्षक शेजारच्या रकान्यात सरकतो आणि ती वाढ निवृत्तीपर्यंत टिकते. अर्थात हे सर्वत्र नाही. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ साली नव्या शिक्षकांसाठी ही वाढ बंद केली. त्यामागचा युक्तिवाद असा की, एम.ए. झालेल्या शिक्षकाची मुले परीक्षेत अधिक गुण मिळवितात असे संशोधनात सहसा दिसून येत नाही; दिसते ते प्रामुख्याने गणितासारख्या विषयात, आणि तेही त्याच विषयात उच्च शिक्षण घेतलेले असेल तर. आम्हांस यात आश्चर्य वाटत नाही. वैद्यकातही भिंतीवरील प्रमाणपत्रांच्या संख्येवरून डॉक्टरचा हातगुण ओळखता येत नाही. केवळ रकाना बदलण्यासाठी घेतलेली पदवी रकानाच बदलते.

दुसरे उत्तर आमच्या दृष्टीने खरे आहे. या पदवीने माणूस वर्गातून उठून ज्या टेबलाभोवती निर्णय होतात तेथे जाऊन बसतो. आमच्या व्यवसायातील अनुभव सांगतो. एखादे मूल शाळेत मागे पडले, लक्ष लागेना, अक्षरे उलटी दिसू लागली, की आई-वडील आमच्याकडे येतात. आम्ही तपासतो, निदान लिहितो, आणि पालकांना वाटते की आता शाळेला हे मान्य करावेच लागेल. वस्तुतः तसे नसते. १९७५ साली संमत झालेल्या आणि १९९० पासून ‘आयडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यान्वये मूल विशेष शिक्षणास पात्र आहे की नाही हे शाळेतील एक समिती पालकांसह बसून ठरविते. आमचे पत्र त्या समितीपुढच्या कागदांतील एक कागद. चाचण्या घेणारे शालेय मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षणाचे शिक्षक, वाचनतज्ज्ञ हे सर्व पदव्युत्तर शिक्षण घेतलेले लोक. शालेय मानसतज्ज्ञाला तर एम.ए.च्याही पुढचे, बाराशे तासांच्या उमेदवारीसह, शिक्षण बहुधा लागते. अशा बैठकांना आम्ही काही वेळा गेलो आहोत. टेबलाच्या एका बाजूला आपल्यातील आई-वडील. कामावरून तासाची सुट्टी काढून आलेले, समोर ठेवलेल्या पंधरा-वीस पानांतील परिभाषा न समजणारे आणि न समजल्याचे सांगण्यास संकोचणारे. दुसऱ्या बाजूला सहा-सात तज्ज्ञ, वागायला सौजन्यशील. त्यांत घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीचा वेग आणि त्याच्या बुद्धीचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आतून जाणणारा एकही नाही. अशा वेळी आमच्या एम.डी.ला त्या खोलीत फारशी किंमत नसते. त्या खोलीत आपल्यातला एक शालेय मानसतज्ज्ञ असता तर किती फरक पडला असता, हा विचार परतीच्या वाटेवर गाडी चालविताना आमच्या मनात प्रत्येक वेळी आलेला आहे.

मुख्याध्यापकाचा परवाना बहुतेक राज्यांत एम.ए. नसेल तर मिळत नाही. समुपदेशक, अभ्यासक्रम आखणारे, परीक्षांचे प्रश्न तयार करणारे, विद्यापीठाच्या प्रवेश-कार्यालयात अर्जांची छाननी करणारे यांपैकी अनेकजण याच वाटेने आलेले असतात. पाठ्यपुस्तकांचे उदाहरण तर आपल्या जिव्हाळ्याचे आहे. कॅलिफोर्निया राज्यात सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत शिकविला जातो. तेथे जातिव्यवस्थेविषयी काय लिहावे, ‘दलित’ हा शब्द असावा की नाही, यावर २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये मोठा वाद झाला. १४ जुलै २०१६ रोजी राज्याच्या शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमाचा आराखडा संमत केला. त्या सुनावण्यांना आपल्या चळवळीतील मंडळी लांबून प्रवास करून गेली, ध्वनिक्षेपकापुढे मिळालेल्या मिनिट-दोन मिनिटांत त्यांनी आपले म्हणणे मांडले, आणि ते वाया गेले नाही. त्यांना आमचा मानाचा जयभीम. परंतु मसुदा लिहिणारे हात निराळे होते. मंडळाला शिफारस करणाऱ्या आयोगावर मोठ्या संख्येने शिक्षक आणि शिक्षणक्षेत्रातील जाणकार बसतात. आपण ध्वनिक्षेपकापुढच्या रांगेत उभे होतो. व्यासपीठावर बसण्याची पात्रता देणारी जी वाट आहे त्या वाटेला आपल्या घरांत ‘मास्तरकी’ म्हणतात.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना दोन शब्द. वैद्यकाला प्रवेश मिळाला नाही म्हणून हिकडे वळू नका. वर्गातील तीस मुलांना ते पहिल्या आठवड्यात कळते. दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष शिकवा आणि मग पदव्युत्तर शिक्षणास जा, असे आम्ही सुचवू. कारण प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी आणि रिकाम्या हाताने गेलेला विद्यार्थी यांच्या पदवीत फार अंतर असते. नोकरी करीत संध्याकाळच्या वर्गांना जाण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे, आणि काही शाळा-विभाग फीचा काही भाग परतही देतात. डॉक्टरेटचे दोन प्रकार आहेत. शाळा अथवा शाळा-विभाग चालवावयाचा असेल तर एड.डी.; ती बहुधा नोकरी सांभाळून आणि स्वतःच्या खर्चाने करतात. संशोधन आणि विद्यापीठातील अध्यापन करावयाचे असेल तर पीएच.डी.; चांगल्या विद्यापीठांत तिला बहुधा फी-माफी व विद्यावेतन मिळते. हा फरक माहीत नसल्यामुळे मोठे कर्ज डोक्यावर घेतले जाते. आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, हे लग्न ठरविताना वधू-वरांच्या दोन्ही घरांनी ध्यानात घेतलेले बरे!

महाराष्ट्रातून येथे शिकायला येऊ पाहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. तिकडील बी.एड. म्हणजे इकडील परवाना नव्हे. सध्याच्या नियमांप्रमाणे शिक्षण संपल्यावर परदेशी विद्यार्थ्याला विषयाशी संबंधित काम करण्यास एक वर्ष मिळते. शासनाच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सूचीतील विषय असेल तर आणखी दोन वर्षे. शिक्षणशास्त्राच्या बहुतेक शाखा या सूचीत नाहीत. परंतु शैक्षणिक तंत्रज्ञान, शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन, शैक्षणिक संख्याशास्त्र या शाखा तीत आहेत. प्रवेशपत्रावरील विषयाचा संकेतांक पाहूनच निवड करावी आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. मात्र केंद्राने २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळले. म्हणजे जात आणि शाळा यांवर संशोधन करण्यासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांची वाट नेमकी तेथेच अडते. याविरुद्ध तिकडे आवाज उठला. आपणही येथून निवेदने पाठविली पाहिजेत.

शेवटी कागदपत्रांविषयी. शरद ऋतूतील प्रवेशासाठी पुष्कळ ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणून गुणपत्रिकांची तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी. विद्यापीठाच्या शिक्क्याचे बंद लिफाफे मिळण्यास तिकडे कधी कधी महिने लागतात. ते मागविताना एक-दोन संच अधिक मागवावेत, कारण मूल्यांकन करणारी संस्था आणि परवाना देणारे राज्य दोघेही वेगळा संच मागतात. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असते आणि पारपत्रावर शेवटी. त्याने घोटाळा होतो. आणि आपल्यातील ज्या घरांनी आडनाव बदलले आहे त्यांनी शासकीय राजपत्रातील त्या बदलाच्या नोंदीची प्रत, इंग्रजी भाषांतरासह, पहिल्याच अर्जाबरोबर जोडावी.